वंश आणि बुद्धी: सिद्ध करायचं कोणी?

१९२०च्या दशकाच्या अखेरीस एक मराठी तरुणी बर्लिनमधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत कवट्या मोजत होती. तिचं नाव इरावती कर्वे. पुढे त्या लेखिका आणि मानववंशशास्त्रज्ञ म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या, पण त्यांच्या पीएच.डी.च्या विषयाची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळी वंशशास्त्रातलं बडं प्रस्थ होतं. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात, इतर वंशांच्या त्या मानाने सारख्या असतात, आणि गोऱ्यांच्या वरचढ तर्कबुद्धीचं मूळ या असमानतेत आहे, असं तिथे मानलं जात होतं. इरावतीबाईंनी ते तपासायचं होतं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशाच जर्मनीच्या वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. एकेक कवटी घ्यायची, डावीकडचं माप, उजवीकडचं माप, दोन्हींतला फरक, सगळं नोंदवायचं. निष्कर्ष असा निघाला की थोडीफार असमानता सगळ्याच माणसांच्या कवटीत असते आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. हे त्यांनी प्रबंधात लिहिलं. वसाहतीतून आलेल्या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाच्या संस्थेत बसून हे लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! फिशर यांनी तिला पदवी दिली, पण गुण अगदी कमी दिले.

या प्रसंगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोऱ्यांची बुद्धी मुळातच वरचढ, हा समज आधीपासून ठाण मांडून बसला होता. त्याला कोणी पुरावा मागितला नव्हता. तो चुकीचा आहे असं म्हणायला मात्र १४९ कवट्यांची मापं लागली. म्हणजे दावा करणारा मोकळा आणि शंका घेणाऱ्यावर सगळं ओझं. वंश आणि बुद्धीच्या वादात शंभर-दीडशे वर्षं हेच होत आलं आहे आणि आजही होतं.

कोर्टात नियम सरळ आहे. जो एखादी गोष्ट खरी आहे असं म्हणतो, शाबितीचा भार त्याच्यावर. १८७२च्या पुरावा कायद्याच्या १०१व्या कलमात हे होतं आणि २०२३च्या नव्या कायद्यानेही ते कायम ठेवलं. विज्ञानात याहून थोडं जास्त मागितलं जातं. आपलं म्हणणं आकडेवारीशी जुळतं एवढं दाखवून भागत नाही. त्याच आकडेवारीशी जुळणारी दुसरी स्पष्टीकरणं का टिकत नाहीत, तेही दाखवावं लागतं.

आता मूळ दावा नीट पाहू. तो साधारण असा असतो: ‘बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत अमेरिकेतल्या काळ्या लोकांची सरासरी गोऱ्यांपेक्षा कमी येते, म्हणजे त्यांची बुद्धी जन्मतःच कमी.’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळी विधानं आहेत. सरासरीत फरक दिसतो, हे पहिलं. चाचणी दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजते, हे दुसरं. फरकाचं कारण जनुकं आहेत, हे तिसरं. आणि ती जनुकं आपण ज्याला वंश म्हणतो त्या रेषांवरच वाटली गेली आहेत, हे चौथं. पहिलं विधान खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत विसाव्या शतकात बराच काळ हा फरक सुमारे १५ गुणांचा सांगितला जायचा. पण पहिल्या विधानाचा पुरावा देऊन तिसरं सिद्ध झाल्याचं जाहीर करणं ही या वादातली सर्वांत जुनी चलाखी आहे. कोणी हरकत घेतली की उत्तर येतं, ‘तुम्ही आकडे नाकारता का?’ आकडे कोणी नाकारलेलेच नसतात. प्रश्न आकड्यांच्या कारणाचा असतो.

ही उडी कशी मारली जाते ते पाहायचं तर पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकेकडे वळावं लागतं. बुद्धीची चाचणी मुळात पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी तयार केली, आणि तिचा हेतू भला होता: शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करायची. अमेरिकेत गेल्यावर तिचं काम बदललं. १९१७-१८मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या चाचण्या झाल्या. वाचता येणाऱ्यांसाठी ‘अल्फा’ आणि निरक्षर किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’.

अल्फामधला एक प्रश्न असा: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? क्रिस्को हे अमेरिकेत १९११ पासून विकलं जाणारं, आपल्या डालड्यासारखं वनस्पती तूप. आणखी एका प्रश्नात एका बेसबॉल खेळाडूचं नाव देऊन तो कशासाठी प्रसिद्ध आहे असं विचारलं होतं. बीटामध्ये अपुरी चित्रं पुरी करायची होती. त्यांतलं एक टेनिस कोर्टचं, ज्यात जाळी काढलेली नव्हती. सिसिलीच्या खेड्यातून तीन वर्षांपूर्वी आलेला, हातात पेन्सिल धरायचीही सवय नसलेला तरुण डोळ्यांसमोर आणा. खोलीत गर्दी आहे, समोरचा माणूस हातवारे करून काहीतरी सांगतोय, मिनिटं मोजली जात आहेत आणि टेनिस कोर्टच्या चित्रात काय कमी आहे ते त्याला ओळखायचं आहे. त्याला पडलेल्या गुणांना नाव दिलं गेलं ‘उपजत बुद्धी’.

हे आकडे घेऊन प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३मध्ये पुस्तक लिहिलं. उत्तर युरोपातून आलेले हुशार. दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले कमी. काळे त्याहून कमी. पण त्यांच्याच तक्त्यांत एक अडचणीची गोष्ट होती. परदेशी जन्मलेल्या सैनिकांचे गुण ते अमेरिकेत किती वर्षं राहिले त्याप्रमाणे वाढत जात होते. वीस वर्षांहून जास्त राहिलेले तर अमेरिकेत जन्मलेल्यांच्या बरोबरीला आलेले दिसत होते. याचा सरळ अर्थ असा की चाचणी बऱ्याच अंशी अमेरिकेची ओळख मोजत होती. ब्रिगम यांनी दुसराच अर्थ काढला: वीस वर्षांपूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते, नंतर येणारे हलक्या वंशाचे आहेत.

हे असंभव नव्हतं. पण ते तपासता येण्यासारखं होतं. एकाच देशातून आलेले, पण अमेरिकेत कमी-जास्त वर्षं राहिलेले लोक वेगळे काढायचे आणि त्यांच्यात गुण वाढतात का ते पाहायचं. ती तपासणी करून दाखवण्याची जबाबदारी ब्रिगम यांची होती, कारण दावा त्यांचा होता. त्यांनी ती पार पाडली नाही. पुढच्याच वर्षी, १९२४मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांसाठी अमेरिकेची दारं जवळजवळ बंद करणारा कायदा झाला. त्यामागे इतरही राजकीय कारणं होती, पण या ‘शास्त्रीय’ आकड्यांनी त्या वातावरणाला भरपूर बळ दिलं. १९३०मध्ये ब्रिगम यांनी स्वतःच लिहून टाकलं की वंशांच्या अशा तुलनांना काही पाया नव्हता. कबुली प्रामाणिक होती. मात्र कायदा पुढे कित्येक दशकं तसाच राहिला, आणि १९३०च्या दशकात जर्मनीतून पळू पाहणाऱ्या कितीतरी ज्यूंना त्याच कायद्याने ठरवलेल्या देशवार कोट्यामुळे अमेरिकेत जागा मिळाली नाही.

जी तपासणी ब्रिगम यांनी टाळली, तशी तपासणी मानसशास्त्रज्ञ ऑटो क्लाइनबर्ग यांनी काळ्या मुलांच्या बाबतीत केली. सैन्याच्या चाचण्यांत उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या काळ्यांची सरासरी दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा जास्त आली होती. यावर ठरलेलं उत्तर असायचं: हुशार काळे तेवढे उत्तरेत निघून गेले. क्लाइनबर्ग यांनी दक्षिणेतल्या शाळांचे जुने दाखले काढले. उत्तरेत गेलेली मुलं जाण्याआधी बाकीच्यांपेक्षा हुशार होती का? नव्हती. मग न्यूयॉर्कमध्ये आलेल्या मुलांच्या चाचण्या पाहिल्या. जितकी वर्षं न्यूयॉर्कच्या शाळेत, तितके गुण जास्त. हे काम १९३५मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरं स्पष्टीकरण तपासून बाजूला काढणं म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ नमुना मला तरी दुसरा सापडलेला नाही.

आता सर्वांत अवघड मुद्दा, आणि तो समजून घेण्यासाठी थोडं थांबायला हवं. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की एकाच समाजातल्या माणसामाणसांत बुद्ध्यांकाचा जो फरक असतो, त्याचा बराच भाग जनुकांशी जोडलेला आहे. हे मान्य करायला हरकत नाही. (या क्षेत्रातलं एक मोठं नाव, सिरिल बर्ट, यांच्या जुळ्यांच्या आकड्यांवरचा विश्वास मात्र उडाला. १९७४मध्ये लिऑन केमिन यांनी दाखवून दिलं की जुळ्यांच्या जोड्यांची संख्या २१ वरून ५३ वर गेली तरी बर्ट यांचा सहसंबंध, म्हणजे जोडीतल्या दोघांचे गुण किती जुळतात ते सांगणारा आकडा, तिसऱ्या दशांशापर्यंत तोच राहत होता. पण बर्ट वगळूनही इतरांचे अभ्यास उरतात.) मग तर्क केला जातो: व्यक्तींमधला फरक आनुवंशिक, म्हणून गटांमधला फरकही आनुवंशिक. १९६९मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांच्या गाजलेल्या निबंधानंतर हा तर्क फार पसरला.

तो का चुकतो हे रिचर्ड लेवोंटिन या जनुकशास्त्रज्ञांनी १९७०मध्ये बियाण्याच्या उदाहरणाने सांगितलं. ते आपल्या मातीत असं मांडता येईल. एकाच पोत्यातलं, मिसळीचं ज्वारीचं बियाणं घ्या. अर्धं काळ्याभोर, पाणी धरणाऱ्या शेतात पेरा, अर्धं मुरमाड माळावर. काळ्या शेतात सगळ्या ताटांना माती, पाणी, खत सारखं आहे, तरी काही ताटं उंच आणि काही बुटकी होतील, आणि तो फरक बियाण्यातला असेल. माळावरही तसंच. दोन्ही शेतांत, आतल्या आत, उंचीचा फरक पूर्णपणे आनुवंशिक. तरीही काळ्या शेताची सरासरी माळापेक्षा जास्त येईल आणि त्या फरकात बियाण्याचा वाटा शून्य असेल, कारण पोतं एकच होतं. शेताच्या आत काय चाललंय त्यावरून दोन शेतांमधल्या फरकाबद्दल काहीच सांगता येत नाही.

यावर प्रतिप्रश्न येतो की १५ गुणांइतका मोठा फरक नुसत्या परिस्थितीने पडणं शक्य आहे का. त्याचं उत्तर न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या जेम्स फ्लिन यांच्या कामातून मिळालं. १९८४मध्ये आणि मग १९८७मध्ये त्यांनी दाखवलं की कितीतरी देशांत बुद्ध्यांक पिढीगणिक वाढत आला आहे. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या चाचणीत १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० गुणांची वाढ झाली. देश तोच, लोक तेच, जनुकं तीस वर्षांत बदलत नाहीत. म्हणजे परिस्थितीच्या बदलाने १५ हून जास्त गुण हलू शकतात. यावरून अमेरिकेतला फरक परिस्थितीमुळेच आहे हे सिद्ध होत नाही, आणि फ्लिन स्वतः हे बजावून सांगत. पण ‘परिस्थितीने एवढं होणं शक्यच नाही’ हा आधार निघून जातो, आणि तोच आधार धरून बरेच लोक उभे होते. पुढे डिकन्स आणि फ्लिन यांनी २००६मध्ये दाखवलं की १९७२ ते २००२ या काळात अमेरिकेतल्या काळ्यांनी गोऱ्यांशी असलेलं अंतर ४ ते ७ गुणांनी कमी केलं होतं.

थेट पुरावाही शोधला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अमेरिकन सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांची मुलं जन्माला आली. काही वडील काळे, काही गोरे; मुलं मात्र जर्मन आयांनी जर्मनीत वाढवली. १९६१मध्ये आयफर्ट यांच्या अभ्यासात दोन्ही गटांची सरासरी जवळजवळ सारखी निघाली: ९६.५ आणि ९७. फिलाडेल्फियात सँड्रा स्कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये रक्ताच्या चाचण्यांवरून काळ्या मुलांत आफ्रिकी वंशाचा अंश किती हे ठरवून पाहिलं. जास्त अंश म्हणजे कमी गुण, असं दिसलं नाही. उलट मिनेसोटात गोऱ्या कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या मुलांच्या अभ्यासातला एक भाग जनुकवादी मंडळी आपल्या बाजूने सांगतात, कारण जन्मदाते आई-वडील दोघेही काळे असलेल्या मुलांचे गुण सतराव्या वर्षी मागे होते. पण ही मुलं दत्तक जाताना वयाने मोठी होती आणि त्याआधीचे त्यांचे दिवस जास्त खडतर होते. हा घोळ सोडवता येत नाही असं अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलं. आयफर्टच्या अभ्यासातही उणीव आहे: वडील सैन्याच्या चाचणीतून निवडले गेले होते, त्यामुळे ते आपापल्या गटाचा नेमका नमुना ठरत नाहीत. एकेका अभ्यासाने निकाल लागत नाही. पण एवढ्या काळात जनुकांच्या बाजूचा निर्विवाद असा एकही थेट पुरावा पुढे आलेला नाही, आणि ज्याने सिद्ध करायचं त्याच्या खात्यात ही उणीव मांडायला हवी.

‘आता डीएनए वाचता येतो, लवकरच कळेल’ असं हल्ली ऐकू येतं. इथे उंचीची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ती बुद्धीपेक्षा कितीतरी सोपी आहे. टेप लावला की मोजली, कोणाचा वाद नाही. उंचीशी जोडलेले हजारो जनुकीय बदल सापडल्यावर असं जाहीर झालं की उत्तर युरोपीय लोक दक्षिण युरोपीयांपेक्षा उंच असण्यामागे नैसर्गिक निवडीचा ठसा स्पष्ट दिसतो. हा निष्कर्ष वर्षानुवर्षं पक्का मानला जात होता. २०१९मध्ये ब्रिटनच्या मोठ्या आणि एकसारख्या माहितीसाठ्यावर तेच गणित पुन्हा केलं गेलं तेव्हा तो ठसा बहुतांशी पुसला गेला. जुन्या माहितीत वेगवेगळ्या भागांतल्या लोकांची सरमिसळ झाली होती आणि तिचे बारीक दोष हजारो ठिकाणी बेरीज होऊन मोठा फरक असल्यासारखे दिसत होते. हे युरोपातल्या युरोपात झालं. युरोपीय लोकांवरून काढलेले जनुकीय गुणांक, म्हणजे अशा हजारो बदलांची बेरीज करून बांधलेले अंदाज, आफ्रिकी वंशाच्या लोकांना लावले तर ते आणखीच कोलमडतात. शिक्षणाच्या वर्षांचा अंदाज बांधणारा, अकरा लाख लोकांच्या माहितीवर उभारलेला गुणांक युरोपीय वंशाच्या लोकांमधल्या फरकाचा सुमारे दहावा हिस्सा सांगू शकत होता. आफ्रिकी-अमेरिकनांमध्ये तो दीड टक्क्याच्या आसपास आला. उंचीत जिथे असं फसायला होतं, तिथे बुद्धीबद्दल ‘लवकरच कळेल’ म्हणून आजच निकाल गृहीत धरता येत नाही.

मग मधला मार्ग काय? काही जण म्हणतात, ‘नक्की माहीत नाही ना, मग अर्धं जनुकं, अर्धी परिस्थिती धरू.’ ऐकायला हे समंजस वाटतं, पण अर्धं हाही एक आकडा आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. दुसऱ्या बाजूलाही हेच लागू आहे. ‘गटांमधल्या फरकात जनुकांचा वाटा शून्य असल्याचं सिद्ध झालंय’ असं कोणी म्हटलं तर त्यालाही पुरावा मागावा. मात्र ‘सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी ते मानत नाही’ एवढंच म्हणणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. या दोन वाक्यांतला फरक बहुतेक भांडणांत हरवतो.

आणि पुरावा किती भक्कम हवा, हे चुकीची किंमत कोण मोजतं त्यावरही ठरतं. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७मध्ये मान्यता दिली आणि त्या देशात एकूण साठ हजारांहून जास्त लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. इरावतीबाईंच्या मार्गदर्शकांच्या संस्थेने नाझी राजवटीला साथ दिली. ज्या दाव्याच्या मागे असा इतिहास आहे, त्याच्याकडून चांगला दुप्पट पुरावा मागणं हा पक्षपात ठरत नाही.

आपल्याकडे हा विषय दोन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे देशोदेशींच्या बुद्ध्यांकांचे तक्ते, ज्यांत भारताचा आकडा ८१च्या आसपास दाखवलेला असतो. हे तक्ते रिचर्ड लिन आणि तातू वानहानेन यांच्या २००२च्या पुस्तकातून आले. त्यांत निम्म्याहून जास्त देशांचे आकडे शेजारच्या देशांवरून अंदाजाने भरलेले होते. विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकी देशाचा ५९ हा आकडा तर स्पेनमधल्या मुलांच्या चाचणीचा निघाला. विखर्ट्स आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेवरचे अभ्यास नव्याने तपासले तेव्हा सरासरी लिन यांच्या आकड्यापेक्षा दहाहून जास्त गुणांनी वर गेली. असा तक्ता पाहून आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे.

दुसरी वाट आपल्या घरातूनच जाते. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण काढून जातींची उतरंड लावली होती: नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गोविंद सदाशिव घुर्ये, जे इरावतीबाईंचेही गुरू, त्यांनी १९३२मध्ये हीच मापं प्रांतवार मांडून पाहिली. तेव्हा संयुक्त प्रांतातला (साधारण आजच्या उत्तर प्रदेशातला) ब्राह्मण हा त्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीला शरीराच्या मापांनी जवळचा निघाला. १९४८मध्ये डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाची चर्चा करताना हेच आकडे पुढे ठेवले. ही मापं खरी मानायची तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात; ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. ज्यांनी मोजपट्टी आणली होती, त्यांच्याच मोजपट्टीने आंबेडकरांनी हिशेब मागितला.

नाकं मोजणं थांबलं, पण ‘त्यांच्यात गुणवत्ता मुळातच कमी’ हे वाक्य आरक्षणावरच्या गप्पांत आजही सहज ऐकू येतं. लिन यांच्या तक्त्यावर चिडणारी माणसंच ते बोलतात, आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांची यादी पुरावा म्हणून दाखवतात. ब्रिगम यांच्याकडेही गुणांचीच यादी होती. इथे दुसरं स्पष्टीकरण किती जवळ असू शकतं हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत पाहिलं. अकरा-बारा वर्षांची, वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं एकत्र बसवली आणि कागदावरचे भूलभुलय्ये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच ठरली. मग दुसऱ्या गटांत काम सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. खेळ तोच, मुलं त्याच गावांतली, पैसेही तेवढेच. त्या गटांत दलित मुलांनी सोडवलेल्या भूलभुलय्यांची संख्या लक्षणीय घटली.